कच्चे जोड

शाळेच्या मागच्या बाजूला, सायकली लावायची जागा संपते तिथे, एक लांबट खोली आहे. पूर्वी तिथे मोडके बाक टाकत. आता दारावर खडूने लिहिलंय, ‘अनवाणी येणाऱ्याला प्रवेश नाही’. आत सोल्डरिंग चालतं आणि वितळलेल्या धातूचा थेंब पायावर पडला की माणूस आठ दिवस नाचतो, म्हणून हा नियम. नियम करणारे वायरमनकाका. हजेरीपुस्तकात त्यांचं खरं नाव आहे, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नाही. वय एकोणसत्तर, अंगाने काटकुळे, चष्म्याची दोरी तांब्याच्या तारेची. तिचा मानेला चट्टा पडतो, पण दोरी बदलायला सांगितलं की ऐकू येत नाही.

वीज खात्यात एकतीस वर्षं खांबावर काढून ते घरी बसले. बसले म्हणजे पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी बायको म्हणाली, “शाळेतले पंखे बंद आहेत म्हणे. जा बाई, नाहीतर मीच बंद पडेन.” पंख्यांची लाइन शोधत काका गच्चीवर गेले, तर तिथे आठ सोलर पॅनल. कुणीतरी देणगी दिलेली, खाली कबुतरांचा संसार, आणि उद्घाटनाची फीत अजून खांबाला लोंबत होती. पाण्याच्या टाकीची सावली ऐन उन्हात नेमकी पॅनलवर पडत होती, म्हणून वीज येत नव्हती. ती सावली पाच वर्षांत एकालाही दिसली नव्हती. काकांनी पॅनल हलवली, धुतली, आणि दुपारी ऑफिसातला पंखा उन्हावर फिरायला लागला.

गंमत बघायला नववीची मुलं गच्चीवर आली. त्यातल्या एका मुलीने विचारलं, “काका, ऊन वायरीतून जातं कसं?” काकांना उत्तर येत नव्हतं. येत नाही असं म्हणायचीही सवय नव्हती. ते म्हणाले, “शनिवारी ये. करून बघू.” त्या रात्रीपासून अठ्ठावन्न वर्षांचा हा गृहस्थ दहावीचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसला. बायकोला वाटलं, डोकं फिरलं. ती मुलगी पुढे डिप्लोमा करून छतांवर पॅनल बसवणाऱ्या कंपनीत लागली, आणि त्याच्याही पुढे जाऊन त्यांच्याच मुलाशी लग्न करून त्यांची सून झाली. सासऱ्याला ती अजून ‘काका’च म्हणते. सासूने सुरुवातीला दोनदा टोकलं, मग नाद सोडला.

तर त्या शनिवारपासून अकरा वर्षं हा वर्ग चालला. दरवर्षी नववीतली चोवीस मुलं, सहा शनिवार. पहिल्या शनिवारी हत्यार नाहीच. अंगणात निळ्या चौकोनी घरांचं एक छोटं पॅनल, त्याला एक छोटा पंखा. काका सांगत, “एका घरावर बोट ठेव.” मूल बोट ठेवी आणि पंखा मलूल होई. “एकाच घरावर सावली पडली ना, मग बाकीची का रुसली?” मुलं विचारत. “एका रांगेत उभी आहेत ती. पुढच्याने वाट अडवली की मागचे सगळे अडकले,” काका म्हणत. सूत्रं नंतर फळ्यावर यायची, तीही काकांपेक्षा मुलांनाच लवकर पाठ व्हायची.

पुढच्या शनिवारी मीटर, मग सोल्डरिंग. सोलर सेल म्हणजे पत्त्याएवढी निळी चकती, इतकी नाजूक की जोरात शिंकलं तरी तडा जावा. एक चकती अर्धा व्होल्ट देते. दिवसभर उन्हात भाजली तरी अर्धाच. म्हणून बारा चकत्या एकीच्या पोटाला दुसरीची पाठ अशा चपट्या पट्टीने जोडायच्या, त्यावर एक रिकामी बॅटरी भरायची आणि बॅटरीवर दिवा लावायचा. बारा चकत्यांचे चोवीस जोड. त्यातला एक जरी कच्चा राहिला तरी सगळं मुसळ केरात. पक्का जोड चकाकतो, कच्चा दाणेदार आणि मळकट दिसतो. हे काका शंभरदा सांगत, मुलं शंभरदा मान डोलवत आणि कच्चे जोड करून घरी जात.

मुलं गेली की काका दार लोटून घेत. कपाटातून एकेक पॅनल काढून डोळ्यात तेल घालून तपासत, आणि जिथे जोड मळकट दिसेल तिथे सोल्डरिंगची इस्त्री, म्हणजे टोक तापणारी कांडी, पुन्हा टेकवत. कुणाला सांगत नसत. चोरून करतोय असंही त्यांना वाटत नसे, निजलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसं ते सहज करत. सहाव्या शनिवारी सभागृहाचे पडदे ओढले जात, मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, “एक, दोन, तीन” म्हणत आणि चोवीसच्या चोवीस दिवे लागत. आईबाप टाळ्या वाजवत. मोठ्या बाई दरवर्षी एकच वाक्य म्हणत, फक्त आकडा वाढलेला असे, “आजवर दोनशे चौसष्ट दिवे, आणि एकही न लागलेला नाही!” काका भिंतीला टेकून उभे असत, आणि खोटं कशाला बोला, त्यांची छाती फुगत असे.

यामागे एक जुनी गोष्ट होती. काका स्वतः दहावीत असताना शाळेच्या प्रदर्शनात त्यांनी विजेची घंटा केली होती. पाहुणे आले, बटण दाबलं, घंटा वाजली नाही. पाहुणे हसून म्हणाले, “घंटा मुकी आहे की मुलगा?” सभागृह हसलं. वडील मागच्या रांगेत बसले होते, तेही हसले, आणि ते जास्त लागलं. त्यानंतर काका शाळेत गेले नाहीत. पडेल ते काम करत राहिले, मग खांबावर चढायला लागले. पुढे बेचाळीस वर्षांनी शिकवायला उभे राहिले तेव्हा त्यांनी मनाशी एवढंच ठरवलं होतं की आपल्या वर्गातल्या एकाही मुलाचा चारचौघांत पाणउतारा होऊ द्यायचा नाही. ठरवलं ते वाईट होतं असं कोण म्हणेल?

सून म्हणाली.

एका रविवारी दुपारी तिने फळीवरचा आपला नववीतला दिवा खाली काढला. बॅटरी मेली होती, नवी घालायची होती. काका शेजारी पेपर वाचत होते, सासूबाई शिलाई मशीनवर होत्या. सुनेने पॅनलची मागची फळी उघडली आणि बराच वेळ आत बघत राहिली.

“काका, हा दिवा मी केलेला ना?”

“मग काय मी? सगळ्यांच्या समोर केलास.”

“या पट्ट्यांची टोकं दुमडलेली आहेत.”

काकांनी पेपर थोडा वर केला. लाइनवर काम करणारा माणूस उघडं टोक कधी सोडत नाही. हात आपोआप टोक दुमडतात आणि मग जोड देतात. मुलांना त्यांनी हे कधी शिकवलं नव्हतं, कारण आपण असं करतो हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

“एखादा जोड कच्चा असेल,” ते म्हणाले. “मी जरा हात फिरवला असेल.”

“एखादा? चोवीसातले सतरा दुमडलेत.”

मशीन थांबलं.

“बरं मग?” काका चिडले. “दिवा लागला की नाही? अकरा वर्षं लागतोय!”

“लागला ना. तोच तर घोळ झाला.” सुनेचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. “कामावरच्या पहिल्या आठवड्यात मला एका दवाखान्याच्या छतावर नेलं. एक अख्खी रांग बंद. मुकादम म्हणाले, बघ काय झालंय, आणि खाली गेले. मी दोन तास उन्हात उभी होते, काका. मीटर हातात, आणि सुरुवात कुठून करायची तेच कळेना. माझ्या हातचं कधी काही बंदच पडलं नव्हतं. मुकादम वर आले, चार मिनिटांत कच्चा जोड शोधून काढला. मला म्हणाले, शिकलीस कुणाकडे? मी तुमचं नाव नाही घेतलं.”

काकांनी पेपरची घडी घातली. नीट बसली नाही, पुन्हा घातली.

“गेल्या वर्षी तुमच्या वर्गातून शिकून गेलेले तिघं आमच्याकडे काम मागायला आले होते. तिघांनाही मीच नाही म्हटलं.”

“जोड येत नव्हता म्हणून?”

“जोड कुणालाही आठ दिवसांत येतो. चाचणीत दिवा लागला नाही की तिघंही मागे वळून बघायचे. कुणीतरी येऊन बघेल म्हणून.”

काका उठून अंगणात गेले आणि चांगल्या चालणाऱ्या नळाचा वॉशर बदलत बसले. राग आला होता आणि तो रास्त आहे असंही वाटत होतं. एकतीस वर्षांत त्यांनी एक कच्चा जोड मागे सोडला नव्हता. खांबावरचा कच्चा जोड म्हणजे कुणाच्या तरी घरचं माणूस जाणं. कच्चं दिसलं की पक्कं करायचं, एवढाच तर त्यांचा धर्म. आता ही कालची पोर सांगते की तेच चुकलं.

बायको मागे येऊन उभी राहिली. “खोटं काही बोलली नाही ती.”

“तू पण?”

“माझ्याकडे शिवण शिकायला येतात, त्यांची बाही उलटी लागली तर मी काय करते?”

“काय करतेस?”

“त्यांच्याच हाताने उसवून घेते. रडतात. दुसऱ्या दिवशी परत येतात.”

“आणि नाही आल्या तर?”

“एक नव्हती आली. तिची आठवण येते मला,” असं म्हणून ती आत गेली.

त्या वर्षीचा पाचवा शनिवार आला. मुलं गेली. काकांनी दार लोटलं, कपाट उघडलं, पहिलं पॅनल काढलं. ते होतं ‘प्रश्नपत्रिके’चं. ही एक लांब वेणीची मुलगी, एका श्वासात चार प्रश्न विचारायची, म्हणून काकांनीच हे नाव ठेवलेलं. तिचा सातव्या चकतीवरचा जोड मळकट होता. इस्त्री गरम होती. काम अर्ध्या मिनिटाचं. काकांचे हात असे शिवशिवायला लागले की त्यांनी ते गुडघ्यांखाली दाबून धरले. उद्या हिच्याकडे बघून लोक हसले तर? ही पण शाळा सोडून गेली तर? त्या मुलीचा चेहरा आठवायला गेलं की डोळ्यांपुढे स्वतःचाच दहावीतला चेहरा येत होता. त्यांनी इस्त्रीची पिन उपटली, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली शिपाईमावशींना दिली.

“पुढच्या शनिवारपर्यंत मी मागितली तरी देऊ नका.”

त्यांनी ती मंगळवारी मागितली, आणि गुरुवारीही. शिपाईमावशी म्हणाल्या, “तुम्हीच सांगितलंय,” आणि झाडू मारत पुढे गेल्या.

सहाव्या शनिवारी सकाळी चोवीस पॅनल अंगणात तीन तास उन्हात मांडली. मग मुलांनी दिवे पॅनलसकट सभागृहात आणले. पालक आले, सूनही कामावरून सुट्टी काढून आली. मोठ्या बाईंनी आपलं ठेवणीतलं वाक्य म्हटलं, पडदे ओढले, “एक, दोन, तीन!”

पंधरा दिवे लागले. नऊ अंधारात राहिले.

टाळ्या वाजवायला उचललेले हात काहींनी तसेच मांडीवर ठेवले. मागून कुणीतरी खुदकन हसलं. प्रश्नपत्रिका आपलं बटण पुन्हा पुन्हा दाबत होती. मोठ्या बाई वाकून कुजबुजल्या, “काका, काय हे? पटकन बघा ना जरा.”

काका पुढे आले. बोलायचं काय ते त्यांनी ठरवलं नव्हतं.

“मी बघणार नाही,” ते म्हणाले. “हे दिवे मुलांनी केलेत. जे लागले ते त्यांनी लावले, जे नाही लागले ते तेच शोधतील. याआधीचे... याआधीचे दोनशे चौसष्ट दिवे असे नव्हते. मुलं घरी गेली की मी कच्चे जोड दुरुस्त करून ठेवायचो. कुणाला सांगितलं नाही. मुलांनाही नाही.”

सभागृहात कुजबुज सुरू झाली. मोठ्या बाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी काकांकडे बघायचं टाळलं. अकरा वर्षं अभिमानाने म्हटलेलं वाक्य एका मिनिटात मातीमोल झालं होतं, त्यांना वाईट वाटणारच. एक बाप उठून म्हणाला, “मग शिकवलंत काय तुम्ही?” प्रश्न बरोबर होता. काकांनी मान खाली घातली.

“मीटर कुठेत?” प्रश्नपत्रिकेने विचारलं.

तिला बाकीच्या भानगडीत रस नव्हता. तिचा दिवा लागला नव्हता, एवढंच तिच्यापुढे होतं. नऊ जण आपापली पॅनल उचलून अंगणात गेले, आणि मागोमाग लागलेल्या दिव्यांचे धनीही गेले. पालकांनी जरा वेळ आत वाट बघितली, मग तेही बाहेर आले, कारण आत आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अर्ध्या तासात चार जणांचं कारण सापडलं. एकाने एक चकती उलटी जोडली होती. त्याने स्वतःच कपाळावर हात मारला. प्रश्नपत्रिकेचं मात्र गाडं अडलं. ती एकेका जोडावर मीटरची टोकं टेकवी, काटा बरोबर हले, सगळे जोड शाबूत. सोडलं की बॅटरीत काहीच जात नाही. तिने दोनदा सगळं तपासलं. तिसऱ्यांदा तपासताना तिची मान अर्धी मागे वळली. काका चार पावलांवर उभे होते. मीटरचं टोक दाबलं की कच्चा जोड तेवढ्यापुरता टेकतो आणि पक्का असल्याचं सोंग घेतो, हे त्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं. सून त्यांच्याकडे बघत होती. काकांनी ओठ मिटले आणि नजर वळवून उगाच गच्चीकडे बघत राहिले. मुलीने पुन्हा पॅनलकडे तोंड केलं.

“थांबा, थांबा!” थोड्या वेळाने ती ओरडली. “कुणी बोलू नका! दाबलं की येतंय, सोडलं की जातंय. सातव्याला!”

तिने स्वतःच इस्त्री तापवली, स्वतःच जोड दिला आणि धरून ओढून बघितला. मग एका मित्राला पॅनल उन्हात धरायला लावून दिव्याभोवती दप्तराचा अंधार करून ती आत डोकावली. दप्तरातून तिचं हसू बाहेर ऐकू आलं. असं हसू काकांनी या अंगणात अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं. दोनशे चौसष्ट मुलांना हे हसू आपण घरी नेऊ दिलं नाही, असं त्यांना वाटलं.

“काका.”

मागे एक तरुण उभा होता, कुरिअरवाल्यांचा निळा शर्ट घातलेला. प्रश्नपत्रिकेचा थोरला भाऊ. सात वर्षांपूर्वी तो याच वर्गात होता.

“माझा पण तुम्हीच लावला होता?”

काकांनी त्याच्याकडे नीट बघितलं. चेहरा ओळखीचा होता. बाक कुठला तेही आठवलं. त्याचे जोड चकाकत होते की मळकट होते, ते मात्र आठवेना.

“दिवा आहे का घरी? बघता येईल,” ते म्हणाले.

“नाही. घर बदलताना हरवला. पण मी अजून सांगतो सगळ्यांना, नववीत असताना मी सोलर दिवा केला होता म्हणून.”

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. ‘तुझा तूच केला होतास’ म्हटलं असतं तर तो सुखाने घरी गेला असता, आणि कोण जाणे, कदाचित ते खरंही असतं. ज्यांचे जोड पक्के होते त्यांचंही श्रेय आपण आज पुसून टाकलं, आणि कुणाकुणाचं ते आपल्यालाही सांगता येणार नाही, हे काकांना त्या क्षणी कळलं.

“आठवत नाही रे,” ते म्हणाले. “चुकलं माझं.”

तरुणाने इकडे तिकडे बघितलं, मग बहिणीच्या शेजारी बाकावर बसला आणि तिच्या पॅनलकडे हात नेला.

“ए, हात नको लावूस!” ती म्हणाली. “तुझं तू कर.”

काका खोलीत गेले. बारा चकत्या, पट्टी आणि सोल्डरचं रीळ घेऊन आले आणि त्याच्यापुढे ठेवलं. मग समोरच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. त्याने इस्त्री तापवली. पहिली चकती त्याच्या बोटांत तडकली, दुसरी घेतली. मोठ्या बाई लांबून बघत होत्या. पालक निघाले होते. त्याचा पहिला जोड दाणेदार आणि मळकट आला. त्याने मान वर करून विचारलं, “बरोबर आहे?”

“ओढून बघ,” काका म्हणाले.